बॅरलवरच्या खाचा, खळगे आणि लेप: मुंबईतल्या नव्या रायफल नेमबाजाने पैसे कुठे घालावेत?

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून रेंजवर येणारी नवी मंडळी दोन प्रश्न फार लवकर विचारतात. एक, एअर रायफल सोडून पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची काडतुसाची रायफल, कधी धरायची? आणि दुसरा, मोबाइलवरचा फोटो पुढे करत, ‘सर, हे खाचावालं बॅरल घेतलं तर फरक पडतो का?’ पहिल्याचं उत्तर तुमचा कोच देईल. दुसऱ्यासाठी हा लेख. खाचा म्हणजे बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, बाहेरून कोरलेल्या पन्हळी.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. बॅरलच्या बाहेरच्या पृष्ठभागावर काहीही केलं तरी गोळी जास्त नेमकी जात नाही. त्याने दोनच गोष्टी बदलतात: वजन आणि गंज. यातल्या वजनाची चिंता नवख्याने करायचं कारण नाही. गंजाची मात्र मुंबईत प्रत्येकाने करायलाच हवी. तरीही खिशात हात घालण्याआधी पुढच्या पायऱ्या क्रमाने तपासा, कारण दुकानात गेल्यावर हे सगळं विसरायला होतं.

पायरी १: तुमचं बॅरल मुळात तापतं का, ते पाहा

खाचांची जाहिरात नेहमी ‘बॅरल लवकर गार होतं’ इथून सुरू होते. मग आधी विचारायला हवं, गरम किती होतं?

तुम्ही १० मीटर एअर रायफल मारत असाल तर अजिबात नाही. तिथे दारू जळतच नाही. दाबलेली हवा पसरते आणि पसरताना उलट थोडी गारच होते. शिवाय आजच्या बऱ्याचशा मॅच एअर रायफलींमध्ये बाहेरून दिसणारी लांब नळी हे खरं बॅरल नसतंच. खरं बॅरल आत, त्याहून बरंच आखूड. पुढची नळी साइट लांब जावी आणि तोल जमावा म्हणून असते. म्हणजे ज्या नक्षीवर तुम्ही भाळलात, ती बहुतेक वेळा नुसत्या टोपणावर कोरलेली असते.

आता पॉइंट टू-टू. गोळीसोबत बाहेर पडणारी ऊर्जा साधारण १४० जूल. बॅरलच्या पोलादात मुरणारी उष्णता आपण सढळ हाताने १०० जूल धरू. बावीस मिलिमीटर जाडीचं, ६५ सेंटिमीटर लांबीचं साधं गोल बॅरल १.८ किलोच्या आसपास भरतं. एवढं पोलाद एक अंश तापवायला सुमारे ८८० जूल लागतात. म्हणजे साठ गोळ्या मारल्या आणि एक थेंबही उष्णता बाहेर गेली नाही असं मानलं, तरी बॅरल सात अंश तापेल. प्रत्यक्षात तुम्ही त्या साठ गोळ्या तासाभराहून जास्त वेळात मारता आणि हवा आपलं काम करतच असते. मार्चमधलं दुपारचं ऊन काळ्या बॅरलवर तिरपं पडलं तर याहून जास्त तापवतं. पॉइंट टू-टूला थंडाव्यासाठी खाचा म्हणजे पुण्याला जाताना पॅराशूट बांधून बसणं.

खरंच तापतं ते मोठ्या काडतुसाचं बॅरल. .३०८ जातीच्या काडतुसात जळणाऱ्या दारूतच ११ हजार जुलांच्या आसपास ऊर्जा असते आणि तिचा मोठा वाटा पोलादात जातो. एकापाठोपाठ दहा-वीस गोळ्या मारल्या की हात लावता येत नाही. पण ३०० मीटर बिग बोअर हा आपल्याकडे मुख्यतः सैन्य आणि निमलष्करी दलांच्या नेमबाजांचा प्रांत. तुम्ही तिथले नसाल तर पुढे चला.

पायरी २: खाचांचं गणित कागदावर मांडा

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि दुकानदाराच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगाचं.

वरचंच बॅरल घ्या. त्यावर लांबीच्या दिशेने सहा खाचा मारा, प्रत्येक ४ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर खोल, तळ अर्धगोल. लांबी ४५ सेंटिमीटर. यातून सुमारे १३० ग्रॅम पोलाद निघतं. खाचांच्या भागात हवेला लागणारा पृष्ठभाग वीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला छान. पण त्याच भागातलं दहा-अकरा टक्के पोलाद गेलं, म्हणजे तेवढीच उष्णता आता कमी धातूत साठणार. बॅरल जरा लवकर गार होईल आणि जरा लवकर तापेलही. शिवाय उष्णता दोन वाटांनी जाते, हवेच्या स्पर्शाने आणि किरणांनी. खाचेच्या दोन भिंती एकमेकींकडे तोंड करून असतात, त्यामुळे त्यांची किरणं बरीचशी एकमेकींवरच पडतात. वाढलेल्या पृष्ठभागाचा फायदा त्या वाटेवर जवळपास शून्य.

यातली गंमत पाहा: चकचकीत पोलाद किरणांनी फार थोडी उष्णता सोडतं, मंद काळा पृष्ठभाग त्याच्या कैक पट. थंडावाच हवा असेल तर खाचांपेक्षा काळा मंद लेप जास्त काम करतो, आणि त्यात लेथचा खर्चही नाही. अर्थात तोच काळा रंग उन्हात ऊन पितो. फुकट काहीच मिळत नाही.

आता ताठपणा. ‘खाचांनी बॅरल ताठ होतं’ हे वाक्य तुम्ही ऐकाल, आणि सांगणारा अगदी छातीठोकपणे सांगेल. धातू काढल्याने कुठलीही दांडी ताठ होत नाही. आपल्या उदाहरणात खाचांच्या भागाचा ताठपणा सुमारे सतरा टक्क्यांनी घटतो. मूळ दावा वेगळा आहे: त्याच वजनाच्या साध्या, बारीक बॅरलपेक्षा खाचांचं जाड बॅरल ताठ असतं. हे खरं आहे. किती ताठ? खाचांच्या भागाइतकंच वजन भरेल असं साधं बॅरल २०.९ मिलिमीटरचं येतं. दोघांचा हिशेब केला तर खाचावालं दोन-अडीच टक्क्यांनी पुढे. खाचा जास्त खोल असतील तर फरक वाढतो, पण तुम्ही पैसे मोजता ते या दोन टक्क्यांच्या आसपासच्या गोष्टीसाठी, हे डोक्यात ठेवा.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो जाहिरातीत नसतो. बॅरलच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे पाडायच्या पद्धती वेगवेगळ्या. त्यातल्या बटण पद्धतीत कठीण गुटका भोकातून ओढून आटे दाबून बसवतात, त्यामुळे पोलादात ताण राहतो. कारखान्यात उष्णता देऊन तो काढतात. पण तयार बॅरलवर नंतर कुणी खाचा मारल्या, तर उरलासुरला ताण मोकळा होतो आणि आतलं भोक कुठे सैल, कुठे घट्ट होतं. भोकाचा माप-फरक मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो. तिथे एवढंही पुरतं. म्हणून खाचा हव्याच असतील तर बनवणाऱ्यानेच मारलेल्या घ्या. तयार मॅच बॅरल घेऊन ते कोरायला देणं हा आपल्या हाताने पैसे बुडवायचा खात्रीचा मार्ग.

पायरी ३: खळगे आणि पिळाच्या खाचा

गोल्फच्या चेंडूसारखे खळगे पाडलेली बॅरलं दिसतात. चेंडू वेगाने उडतो, त्याच्याभोवती हवा वाहते, म्हणून तिथे खळग्यांना अर्थ आहे. तुमचं बॅरल जागेवर असतं, निदान असावं. पिळाच्या खाचा, शंकरपाळ्याची नक्षी, षटकोनी कापणी, सगळ्यांचं तेच. दिसायला आवडत असेल तर बिनधास्त घ्या, आवड हे पुरेसं कारण आहे. गुणांचं नाव मात्र सांगू नका.

बॅरल उणे १९० अंशांपर्यंत थंड करून आणण्याची सेवाही याच यादीत विकतात. हत्यारांच्या उच्च-कार्बन पोलादात त्याने रचना बदलते. बॅरलच्या पोलादात कार्बन त्यामानाने कमी, आणि बदलायला फारसं काही शिल्लक नसतं.

पायरी ४: वजनाचा विचार उलटा करा

शिकारीला डोंगर चढणाऱ्या परदेशी माणसाला १३० ग्रॅम वाचले तर बरं वाटतं. तुम्ही रायफल रिक्षातून नेता आणि उभे राहून मारता. स्पर्धेच्या नियमांत १० मीटर एअर रायफलची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, ५० मीटरसाठी ८ किलो. बहुतेक जण त्या मर्यादेच्या खाली असतात, आणि अनुभवी नेमबाज बॅरलवर वजनं चढवताना दिसतील, उतरवताना नव्हे. पुढे भार असला की नळीचं डुलणं मंदावतं. बॅरल कोरून हलकं करायचं आणि मग त्यावरच पितळेच्या चकत्या बसवायच्या, असे महाभागही आहेत.

अपवाद आहे तो लहान चणीच्या मुलामुलींचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला जड पुढची बाजू पेलत नाही, पाठीचा कणा वाकतो, आणि ती सवय मग जात नाही. तिथे हलकेपणा हवाच. पण तो आधी बॅरलवरची वजनं काढून, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि गालपट्टी नीट लावून मिळवा. कोचला विचारून करा, पालकांनी परस्पर नको.

पायरी ५: गंजाला पूर्ण वेळ द्या

इथे मात्र पृष्ठभागाला खरंच किंमत आहे. महाराष्ट्र रायफल असोसिएशनचं वरळीचं रेंज समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. हवेत मीठ, हाताला घाम, आणि जून ते सप्टेंबर ओलसरपणा कायम मुक्कामाला. हिमालयात नाहीतर जर्मनीत जे बॅरल वर्षभर कोरडं राहतं, त्याला इथे दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबूस उमटलेले दिसतात. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर गंज कुठे सुरू होतो ते कळतं: खाचांच्या कडांवर, जिथे लेप पातळ बसतो, आणि खाचेच्या तळाला, जिथे फडकं पोचत नाही. गोल साधं बॅरल एका हाताने पुसून होतं. सहा खाचांच्या बॅरलला सहा वेळा फडक्याची घडी घालून तळ पुसावा लागतो. पावसाळ्यात रोज. हा हिशेब कुणी विकताना सांगत नाही.

लेपांची ओळख थोडक्यात, पण नीट करून घ्या.

ब्ल्यूइंग म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागाचाच काळा लोखंडी ऑक्साइड. दिसतं सुंदर. पण ते सच्छिद्र असतं, खरं संरक्षण त्यात मुरलेल्या तेलाचं. तेल सुटलं की संपलं. दुकानात मिळणारं बाटलीतलं गार ब्ल्यूइंग ओरखडा झाकायला ठीक, मुंबईच्या हवेत संरक्षण म्हणून धरू नका.

स्टेनलेस बॅरल घेतलं की निश्चिंत, असं वाटतं. मॅच बॅरलं बहुधा ४१६ जातीच्या पोलादाची असतात. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के असतं आणि कापायला सोपं जावं म्हणून गंधक मिसळलेलं असतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचं स्टील वेगळं, त्यात क्रोमियमही जास्त आणि निकेलही. डबा ओट्यावर ओला राहिला तरी काही होत नाही. बॅरलला तसं ठेवलंत तर बारीक तपकिरी ठिपके येतात. साध्या पोलादापेक्षा चांगलं, एवढंच.

सिरॅमिक लेप, ज्यात सेराकोट हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं, हा फवारून भाजलेला रंगच आहे, साधारण २५ मायक्रॉन जाडीचा. खाऱ्या हवेला उत्तम टिकतो. मुंबईत बाहेरच्या बाजूसाठी पैसे घालायचेच तर मी इथे घालेन. पण लेप बाहेर असतो. चेंबर (काडतूस बसायची जागा), आतलं भोक आणि बॅरलचं पुढचं तोंड, म्हणजे क्राउन, उघडंच राहतं. आणि गोळीची दिशा शेवटी ठरते ती क्राउनवर. लेप देणाऱ्याने तोंड झाकून काम केलंय का, हे आधी विचारा. तिथे रंगाचा थर चढला किंवा रेतीचा मारा लागला तर लेपाचा फायदा राहिला बाजूला.

नायट्रायडिंगमध्ये पोलाद ५०० अंशांच्या पुढे तापवून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. पृष्ठभाग कठीण होतो, गंजही कमी. कारखान्यात ठरवून केलेलं उत्तम, तयार मॅच बॅरल परत भट्टीत घालणं नको. आतून क्रोमचा थर ही सैनिकी रायफलींची गरज, जिथे तप्त वायू भोक खातात. पॉइंट टू-टूची शिशाची गोळी बॅरलला एवढी सौम्य असते की ते दशहजारांनी गोळ्या पचवतं.

आता लेपापेक्षा महत्त्वाचं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. तुमची बेडरूम एसीने २३ वर असेल आणि रायफल तिथेच असेल, तर तिचं पोलाद दवबिंदूच्या खाली आहे. रेंजवर पोचून केस उघडली की थंड सरबताच्या ग्लासासारखं बॅरलवर पाणी जमतं, आतूनही. म्हणून केस बंद ठेवूनच अर्धा तास थांबा, तोवर जॅकेट-ट्राउझर चढवा. परत घरी गेल्यावर रायफल केसमध्ये ठेवू नका. तिथला फोम ओल धरून ठेवतो. बाहेर काढा, कोरड्या मलमलीने पुसा, मग गन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवा. कुलूपबंद कपाटात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की भाजून घ्या. पॉइंट टू-टूच्या भोकात तेल लावून ठेवलंत तर मारण्याआधी कोरडी चिंधी फिरवून काढा. एअर रायफलच्या भोकात तेल नकोच.

पायरी ६: फरक पडला म्हणणाऱ्याला ग्रूप मागा

कुणी सांगितलं की बॅरल बदलून ग्रूप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या गोळ्यांचा टार्गेटवरचा पुंजका, आवळला, तर किती गोळ्यांचा ते विचारा. एकाच रायफलने, एकाच डब्यातल्या गोळ्यांनी, टेकूवरून मारलेले पाच-पाचचे ग्रूप दीडपट-दुप्पट फरकाने येतात. सगळ्यात छोट्याचा फोटो काढला जातो. तुम्ही दहा-दहाचे निदान चार ग्रूप मारा आणि चारही मोजा.

मग तेच बॅरल ठेवून फक्त अम्युनिशनचा लॉट, म्हणजे काडतुसांची एकत्र बनलेली खेप, बदला. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, गोळी स्वतः ५.६ची. लॉट जुळला-न जुळला यात तुमचे गुण इकडचे तिकडे होतात, आणि हे बॅरलवरच्या कुठल्याही नक्षीने होत नाही. एअर रायफलला पेलेटचं, म्हणजे छऱ्याचं, डोकं ४.४९, ४.५० की ४.५१ मिलिमीटर, हा प्रयोग करा. तिथे दहाचा ठिपकाच अर्धा मिलिमीटरचा.

लाकडी स्टॉक (बॅरल ज्यावर बसतं तो दांडा) असेल तर आणखी एक तपासणी, तीही फुकट. वहीचं पान फाडून पट्टी करा, बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवा. जुलैत पट्टी अडकली आणि जानेवारीत सरकत होती, तर लाकूड फुगून बॅरलला टेकतंय. ‘पावसात रायफल बिघडते’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

पायरी ७: कुणाला हात लावू द्यायचा

पॉइंट टू-टू परवान्याचं शस्त्र आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करणाऱ्याकडे त्याचा परवाना लागतो. साकीनाक्यातला ओळखीचा लेथवाला कितीही सफाईदार असो, बॅरल त्याच्याकडे न्यायचं नाही. बॅरल आखूड करायलाही, कलम ६ नुसार, वेगळा परवाना लागतो. आणि कलम ८ लेप देताना नेमकं आडवं येतं: शस्त्रावरचा क्रमांक किंवा खूण खोडणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. रेतीच्या माऱ्याने उथळ कोरलेला क्रमांक पुसट होतो. कामाआधी तो भाग झाकायला सांगा आणि दोन्ही वेळचे फोटो ठेवा.

.१७७ बोअरची, २० जुलांपर्यंतची एअर रायफल परवान्यातून सुटते. तिच्या सिलिंडरला मात्र रंग, भट्टी, कोरीवकाम काहीही नको. त्यात २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि कंपनीने वापराची मुदत छापलेली असते.

स्पर्धेपुरतं एवढं लक्षात ठेवा: बॅरलला किंवा पुढच्या नळीला आरपार भोकं असलेली रायफल चालत नाही, मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला तोंडावर बसवलेला भाग, तोही नाही. खाचा चालतात. परदेशी संकेतस्थळावर भोकाभोकांची नळी पाहून मागवलीत तर तपासणीच्या टेबलावरच परत पाठवतील.

जुनी रायफल घेत असाल आणि तिला खाचा असतील, तर विकणाऱ्याला विचारा त्या मूळच्या की नंतरच्या. कंपनीच्या कॅटलॉगात त्या मॉडेलला खाचा दिसत नसतील तर किमतीवर बोलण्याआधी दहा गोळ्यांचे ग्रूप मारून मागा, शक्यतो तुमच्या कोचसमोर.